पांढऱ्या आजोबाचा नातू

१८९९ च्या एप्रिल महिन्याच्या ३ तारखेस, जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील कार्ल्सरुह या शहरी भरलेल्या श्वानप्रदर्शनात, माक्स फॉन श्टेफानित्स नावाचा घोडदळाचा एक कप्तान आपला मित्र आर्टुर मायर याच्याबरोबर हिंडत असता एका कुत्र्यापाशी थबकला. आणि त्या थबकण्यातून जी जात उदयास आली, तीच पुढे आपल्याकडील बंगल्यांच्या फाटकांआड, 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीच्या मागे, अल्सेशियन या नावाने गुरगुरू लागली. कार्ल्सरुहचा तो कुत्रा मध्यम उंचीचा, पिवळट करड्या रंगाचा, ताठ कानांचा, पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी लांडगा वाटावा असा होता. त्याचे नाव हेक्टर लिंक्सराइन. श्टेफानित्सने तो तिथल्या तिथे विकत घेतला, ग्राफ्राट येथील आपल्या मळ्याच्या नावावरून त्याचे होरांड फॉन ग्राफ्राट असे नव्याने बारसे केले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस जर्मन मेंढपाळी कुत्र्यांची संस्था स्थापून तिच्या वंशनोंदवहीत पहिल्या क्रमांकावर याच कुत्र्याची नोंद केली. एका जातीचा मूळपुरुष वहीत दाखल झाला तो असा. त्या मूळपुरुषाच्या आईचे वडील ग्राइफ हे पांढरे होते, ही गोष्ट त्या काळी कोणापासून लपलेली नव्हती आणि तिची कोणास लाजही वाटत नव्हती.

ही लाज पुढे कशी उपजली, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

होरांडच्या आधी जर्मनीत मेंढरांमागची कुत्री उदंड होती; पण ती जात या अर्थाने एक नव्हती. थुरिंगियाकडची कुत्री चणीने लहान, लांडगरंगी, कान उभे आणि शेपटी मात्र वर वळलेली. व्युर्टेंबर्गकडची अंगाने थोराड, झुबकेदार शेपटीची, पण कानांनी ढिली. आपल्याकडे धनगराच्या वाड्यावर जे कुत्रे असते त्याची वंशावळ कोणी विचारत नाही, ते लांडग्याला भिडते की शेपूट घालते एवढेच पाहिले जाते; तीच वहिवाट तेथेही होती. काळा, करडा, तांबूस, पांढरा, सगळे रंग एका कळपामागे नांदत. पांढऱ्याला तर काही ठिकाणी अधिक मान असे, कारण अंधारात झटापट झाली म्हणजे सोटा कोणावर हाणायचा आणि कोणावर नाही, हे मेंढपाळाला चटकन उमगे. १८९१ साली फीलाक्स नावाची एक मंडळी या देशी कुत्र्यांना एका साच्यात बसवण्यास निघाली होती. पण कुत्रा दिसावयास कसा असावा हे ठरवायचे की कामाला कसा असावा हे, या वादात तीन वर्षांतच त्या मंडळीचा कारभार आटोपला. श्टेफानित्सने हा वाद जवळून पाहिला होता, आणि त्यात आपण कोणत्या बाजूचे हेही त्याने मनाशी पक्के केले होते.

कुत्र्यांस रिंगणात उभे करून त्यांची प्रतवारी लावण्याचा हा उद्योग मूळचा इंग्लंडचा. १८५९ च्या जूनमध्ये न्यूकॅसल येथे जे प्रदर्शन भरले ते पहिले रीतसर प्रदर्शन समजतात. त्यात केवळ पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांनाच प्रवेश होता, आणि बक्षीस म्हणून बंदुका ठेवल्या होत्या, यावरून तेथे जमलेली मंडळी कोणत्या हौसेची होती याची कल्पना येते. १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. मग प्रत्येक जातीचे मानक, म्हणजे डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्या जातीचे कुत्रे कसे असावे याचे कलमवार वर्णन, लिहून काढण्याची प्रथा रूढ झाली. मानक वाचण्यास मोठे भारदस्त असते. परंतु ते अमलात आणणाऱ्या परीक्षकाची अडचण लक्षात घेतली पाहिजे. त्याच्यापुढे रिंगणात एकामागून एक कुत्री येतात, प्रत्येकास त्याला द्यावयास मिळतात ती काही मिनिटे. स्वभाव, दमसास, हुकूम पाळण्याची तयारी, वादळवाऱ्यात मेंढरू शोधण्याची चिकाटी, यांतील काहीही त्या मिनिटांत दिसत नाही. दिसतो तो रंग. रंगाला मोजपट्टी लागत नाही, कुत्र्याच्या तोंडात हात घालावा लागत नाही, आणि रंगाच्या बाबतीत दिलेल्या निकालावर अपीलही होत नाही. सबब, जेथे जेथे मानके लिहिली गेली तेथे तेथे रंगाचे कलम वर्षागणिक वजनदार होत गेले. विवाहाच्या जाहिरातींत 'गौरवर्णी' हा शब्द अग्रभागी का येतो, याचा उलगडा करू पाहणाऱ्याने श्वानप्रदर्शनात अर्धा दिवस काढावा, असे मला वाटते.

आपल्याकडे रंगाची पारख नव्हती असे नव्हे. घोड्याचे कुमैत, सबजा, अबलख, समंद, मुश्की हे रंग शिलेदाराच्या पोरालाही पाठ असत, आणि चारी पाय व कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याण घोड्याचे कौतुक अजून ओसरलेले नाही. मोगलांच्या दप्तरात मनसबदाराच्या घोड्याला डाग देऊन त्याचा रंग व खुणा लिहून घेत. पण ती नोंद हजेरीच्या दिवशी घोडा बदलून सरकारची फसवणूक होऊ नये म्हणून होती. रंग तेथे ओळखीचा दाखला होता, लायकीचा नव्हे. भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवणारे अश्वपरीक्षक होते खरे, पण अशुभ भोवऱ्याच्या घोड्याला घोडेच न मानण्याचे धाडस त्यांनीही केले नाही.

श्टेफानित्सची पहिली भूमिका या दप्तरी वृत्तीच्या जवळची होती. १८९९ च्या सप्टेंबरच्या २० तारखेस फ्रांकफुर्ट येथे संस्थेची पहिली सर्वसाधारण सभा भरली, आणि तिने मायर व श्टेफानित्स यांच्या मसुद्यावरून जातीचे पहिले मानक मंजूर केले. उपयुक्तता आणि बुद्धी हे त्याचे दोन खांब. कामाच्या कुत्र्याला रंगाने काही कमीजास्त होत नाही, हे या कप्तानाचे मत. आपल्या जाडजूड ग्रंथात त्याने बेर्नो फॉन डेर झेवीझे या, १९१३ साली जन्मलेल्या, होरांडच्या वंशातील पांढऱ्या कुत्र्याचे चित्रही छापले आहे. ज्याला कलंक मानतात त्याचे चित्र कोणी कुलवृत्तांतात छापीत नाही.

आता त्या आजोबांकडे वळू. ग्राइफ हा फ्रांकफुर्टच्या श्पारवासर याच्याकडील कुत्रा. त्याची मुलगी लेने; तिचे पुत्र होरांड आणि त्याचा भाऊ लुक्स. हे दोघेही भाऊ नव्या जातीच्या पायाभरणीत वापरले गेले, आणि इष्ट गुण लवकर स्थिर व्हावेत म्हणून त्यांच्या लेकी-नातींशी पुन्हा त्याच घराण्यातले नर जुळवले गेले. या जवळच्या जुळणीने ताठ कान आणि लांडगी बांधा जसा वंशात मुरला, तसे आजोबांचे पांढरेपणही मुरले. फरक एवढाच की कान चारचौघांत दिसत होते आणि पांढरेपण दडून होते. ते दडते कसे, हे ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवरून १८६६ सालीच छापून ठेवले होते. पण त्याच्या लेखावरची धूळ झटकली गेली ती १९०० साली, म्हणजे श्टेफानित्सची नोंदवही उघडल्यावर वर्षाने. प्रत्येक प्राण्याला रंगाचे बीज आईकडून एक आणि बापाकडून एक असे दुहेरी मिळते. या कुत्र्यांत पांढरेपणाचे बीज दबते आहे: दोन्हीकडून आले तरच पिल्लू पांढरे होते, एकीकडून आले तर पिल्लू दिसावयास करडे वा काळे-तांबूस, आणि पोटात मात्र आजोबा. ग्राइफ स्वतः पांढरा, म्हणून लेनेच्या पदरात ते बीज निश्चित पडले. तिच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याचा संभव निम्मा.

या पांढरेपणाची जात कोणती, हेही येथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सारा घोटाळा त्यावरच उभा आहे. कुत्र्याचे केस पांढरे होण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. एका वाटेने रंगाच्या पेशीच कातडीच्या काही भागात पोहोचत नाहीत; बॉक्सर जातीतले पांढरे पिल्लू असे निपजते, आणि त्या पेशी कानाच्या आत पोहोचल्या नाहीत तर ते बहिरेही होऊ शकते. दुसऱ्या वाटेने पेशी जागच्या जागी असतात, पण केसात काळा रंग भरण्याचा हुकूम त्यांना मिळत नाही. त्या फक्त पिवळा-तांबडा रंग भरतात, आणि जर्मन मेंढपाळी कुत्र्यात हा तांबूसपणा आणखी फिकट होत होत पांढऱ्यावर जाऊन थांबतो. म्हणजे शास्त्रदृष्ट्या हा पांढरा कुत्रा हा विरलेला तांबडा कुत्राच होय. त्याचे नाक काळे, ओठांच्या कडा काळ्या, पंजांच्या गाद्या काळ्या, डोळे गडद. बहिरेपणाशी या पांढरेपणाचा संबंध नाही. २००० सालाच्या सुमारास शास्त्रज्ञांनी काळ्या रंगाचा हुकूम अडवणारा बदल रंगाच्या एका जनुकात नेमका दाखवला, तो पिवळ्या लॅब्रॅडोरमध्ये. पांढऱ्या मेंढपाळी कुत्र्यातला बदल तोच, हेही पुढे दिसून आले. योगायोग पाहा, की पहिला नोंदलेला पिवळा लॅब्रॅडोर, बेन ऑफ हाइड, काळ्या आईबापांच्या पोटी इंग्लंडात जन्मला तो याच १८९९ साली. एकच बीज, एका देशात त्याने नवा मान्य रंग दिला, दुसऱ्या देशात तो गुन्हा ठरला.

गुन्हा ठरण्यास कारणे घडत गेली. मेंढरांची कुरणे शेतीने आणि कारखान्यांनी गिळली, तसे श्टेफानित्सनेच आपल्या कुत्र्याला नवी चाकरी मिळवून दिली ती पोलिसांची आणि लष्कराची. आणि मेंढपाळाला अंधारात दिसणारा कुत्रा हवा होता, तर शिपायाला अंधारात न दिसणारा. इथवर युक्तिवाद रास्त आहे. पण रास्त युक्तिवादाच्या पाठीमागून भलत्याच शंका घरात शिरतात. कित्येक कुत्र्यांचे रंग पिढ्यांमागून फिके पडू लागले होते. त्याचे खापर दडलेल्या पांढऱ्या बीजावर फुटले, वास्तविक ते बीज एकेरी असता कुत्र्याचा रंग फिका करीत नाही. बॉक्सरसारख्यांतील बहिरेपणा, लाल डोळ्यांच्या खऱ्या वर्णहीन प्राण्यांची नाजूक प्रकृती, यांची भीतीही याच कुत्र्याच्या माथी मारली गेली. बॉक्सरवाल्यांचेही यात काही चुकले नाही असे नाही. ज्या मेटा फॉन डेर पासाज या कुत्रीच्या पोटी त्यांच्या जातीचा पाया घातला गेला, तिचे अंग बहुतांशी पांढरे होते, आणि तिच्याच पांढऱ्या वंशजांना पुढे दार बंद झाले. मग १९३३ साल उजाडले. जर्मनीत रक्तशुद्धीचा डंका वाजवणारी राजवट आली, आणि त्याच वर्षी पांढरे कुत्रे मानकातून बाद झाले. गोऱ्या कातडीचे स्तोम माजवणाऱ्यांच्या राज्यात पांढऱ्या कुत्र्याला बंदी व्हावी, हा विनोद कोणा नाटककाराने रचला असता तर प्रेक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. सगळा दोष त्या राजवटीवर ढकलणे मात्र मला प्रशस्त वाटत नाही, कारण कुत्रेवाल्यांचे मन त्याआधीच तयार झाले होते.

अशा फर्मानाची अंमलबजावणी सभागृहात होत नाही, ती गवत अंथरलेल्या पेटीत होते. कुत्री रात्री व्यालेली असते. मालक पहाटे कंदील घेऊन येतो, एकेक पिल्लू उचलून त्याची टाळू पाहतो, पोट चाचपतो, नर की मादी ते पाहतो. पाच पिल्ली ओल्या मातीसारखी काळसर, आणि सहावे दुधासारखे. ते इतरांइतकेच धट्टेकट्टे आहे, उलट आचळावर भावंडांना रेटून पुढे गेले आहे. त्याचे नाक अजून गुलाबी आहे, पण गुलाबी नाक तर पुष्कळ पिल्लांचे पहिले काही दिवस असतेच. आईबाप दोघेही प्रदर्शनात नावाजलेले गडद करडे. मालकाला कळून चुकते की हे पिल्लू म्हणजे आपल्या दोन्ही बक्षीसपात्र कुत्र्यांविरुद्धचा पुरावा आहे. दोघांच्याही पोटात ते बीज आहे हे या एका पिल्लाने जाहीर केले आहे. पुरावा नाहीसा करण्याची बादली हाताशीच असे. नोंदवहीत मग पाचच पिल्ली चढत, आणि आईबापांची लग्ने बिनबोभाट पुढे चालत.

येथेच त्या फर्मानाचे गणित चुकले होते. समजा शंभर कुत्र्यांत एक पांढरे निपजते. तर त्याच शंभरांत सुमारे अठरा कुत्री अशी असतात की जी दिसावयास निर्दोष, पण बीज बाळगून आहेत. बादली फक्त त्या एकापर्यंत पोहोचते. जुळणी सरमिसळ होत राहील असे धरले, तर दर पिढीतली पांढरी तेवढी वगळीत जाऊन शंभरांत एकाचे दहा हजारांत एक हे प्रमाण येण्यास नव्वद पिढ्या लागतात. कुत्र्याची पिढी तीन वर्षांची धरली तरी दोनशे सत्तर वर्षे, म्हणजे आपल्या उभ्या पेशवाईच्या अडीचपट काळ. इतका दम कोणत्याही समितीत नसतो. शिवाय जो मालक पिल्लू लपवतो तो बीजवाहक आईबापांनाच आणखी संतती वाढवण्याची मुभा देतो, आणि ज्यांना रंगाची सर्वांत अधिक धास्ती त्यांच्याच हातून ते बीज गावोगाव पोहोचते.

ते फर्मान निघाले तेव्हा श्टेफानित्सच्या हातून कारभार निसटत चालला होता. १९३५ मध्ये त्याला संस्था सोडावी लागली, आणि १९३६ च्या एप्रिलच्या २२ तारखेस, संस्थेच्या सदतिसाव्या वाढदिवशीच, तो वारला.

जात तोवर समुद्रापार गेली होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन हा शब्दच इंग्रजांना कडू झाला, म्हणून त्यांनी तिचे अल्सेशियन असे नाव ठेवले, आणि साहेबाच्या मागून तेच नाव मुंबई-पुण्यास येऊन घट्ट बसले. विलायतेत १९७७ साली जुने नाव परत आले तरी आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी अल्सेशियनच आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पांढरी पिल्ली नोंदली जात होती आणि त्यांचे शौकीनही होते. तेथील या जातीच्या मूळ संस्थेने जर्मनांचा कित्ता उशिरा पण नेमका गिरवला: १९६८ साली पांढऱ्याला रिंगणात अपात्र ठरवणारे कलम मानकात आले. हुकूम मात्र अर्धवट होता. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदवहीत पांढऱ्याचे नाव दाखल होई, वंशावळ मिळे, फक्त रिंगणात मज्जाव. कागदावर अस्सल आणि मैदानात नालायक, अशी ही त्रिशंकू अवस्था ज्यांच्या कुत्र्यांच्या वाट्यास आली, त्या हौशी लोकांनी वेगळी चूल मांडली.

पांढऱ्या कुत्र्याला वाट सापडली ती युरोपातच. १९६६ च्या मार्चच्या ५ तारखेस अमेरिकेत जन्मलेला लोबो नावाचा एक पांढरा नर स्वित्झर्लंडात पोहोचला. डोंगरपायथ्याच्या त्या शांत देशात, अमेरिकेतून आणि इतरत्रून आणलेल्या आणखी पांढऱ्या कुत्र्यांशी त्याचा व त्याच्या संततीचा मेळ घालीत, हौशी मंडळींनी अनेक वर्षे धीराने काढली. १९९१ च्या जूनमध्ये स्विस नोंदवहीच्या परिशिष्टात या कुत्र्यांना स्वतंत्र जात म्हणून जागा मिळाली. परिशिष्टात का होईना, पण वहीत! जी आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था १९११ साली जर्मनीसह पाच देशांनी मिळून स्थापली, तिने २००३ पासून या जातीस तात्पुरती मान्यता दिली आणि २०११ च्या जुलैत ती कायम केली. मानकाचा क्रमांक ३४७. नाव, पांढरा स्विस मेंढपाळी कुत्रा. फ्रांकफुर्टच्या ग्राइफचे वंशज अशा रीतीने, एकही पूर्वज न बदलता, स्विस झाले.

नव्या जातीला नवे मानक लागते, आणि मानक म्हटले की रंगाचे कलम आलेच. रंग: पांढरा, एवढाच एक शब्द त्यात आहे. नाक काळे असल्यास उत्तम, परंतु थंडीत फिके पडणारे नाकही चालते, अशी उदार सवलत आहे. पूर्ण वर्णहीनतेला मज्जाव आहे. मात्र कानांच्या टोकांवर, पाठीवर आणि शेपटीच्या वरच्या अंगास फिकट पिवळसर झाक असल्यास तो दोष धरावा, आणि ती झाक स्पष्ट असल्यास गंभीर दोष धरावा, असे कलमात बजावले आहे. म्हणून या जातीच्या रिंगणात परीक्षक कुत्र्याची चाल पाहून झाली, दात मोजून झाले, म्हणजे कुत्र्याशेजारी वाकतो, एक कान दोन बोटांत धरून त्याचे टोक उजेडाकडे वळवतो, आणि डोळे बारीक करून त्या पांढऱ्या केसांत कुठे तांबूस काही उरले आहे का, ते शोधू लागतो.